अदिती अशोक: ड्राइव्ह आखूड, तरी ऑलिंपिकमध्ये चौथी कशी?

केशरी_टी

टोकियो ऑलिंपिकच्या गोल्फमध्ये अदिती अशोक चौथी आली तेव्हा जागतिक क्रमवारीत ती २००व्या स्थानावर होती, आणि ड्राइव्हच्या (होलच्या पहिल्या लांब फटक्याच्या) अंतरात साठ खेळाडूंमध्ये जवळजवळ तळाला. पदक एका फटक्यानं हुकलं. पेपरांनी कौतुकाचे मथळे दिले, पण तिचा खेळ नेमका चालतो कसा हे कुठंच नीट वाचायला मिळालं नाही.

इथल्या जाणकारांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत. चारशे यार्डांच्या पार-४ वर (चार फटक्यांत संपणं अपेक्षित असलेल्या होलवर) बाकीच्या मुली दुसऱ्या फटक्याला ८ किंवा ९ नंबरचं आयर्न (जवळच्या अंतराचा क्लब, म्हणजे काठी) काढतात, तिथं हिच्या हातात लांब अंतराचा हायब्रिड असतो. तरी स्कोअर बरोबरीला कसा येतो? बंगळूरच्या सरावाच्या रेंजवरून एलपीजीएपर्यंत (अमेरिकेतल्या महिलांच्या व्यावसायिक टूरपर्यंत) ती कुठल्या पायऱ्यांनी गेली, आणि अमेरिकेतल्या कॉलेजचा रस्ता का धरला नाही? शिवाय हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सात फटक्यांची आघाडी शेवटच्या दिवशी गेली कशी?

घरात बारा वर्षांची मुलगी आहे, क्लबात नियमित खेळते, अंगानं बारीक. प्रशिक्षक सारखे "लांब मार" म्हणतात. त्यामुळे उत्तरं तपशिलात मिळाली तर फार उपयोग होईल.

---

यार्डेज_वही

आधी रस्त्याबद्दल सांगतो, खेळाबद्दल इतर लिहितीलच.

जन्म २९ मार्च १९९८, बंगळूर. आईवडील दोघंही गोल्फ खेळणारे नव्हते. कर्नाटक गोल्फ असोसिएशनच्या रेंजवर पाच-सहा वर्षांची असताना सुरुवात झाली आणि सगळं घरच तिच्याबरोबर खेळ शिकलं. हे सांगायचं कारण असं की पुढं कॅडीचं कामही घरातूनच झालं. रिओला बॅग वडिलांकडे होती, टोकियोला आईकडे.

हौशी गटातली तिची चढण फार पद्धतशीर आहे. देशातल्या ज्युनिअर आणि महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धा, मग २०१३ ची आशियाई युवा स्पर्धा, २०१४ चं युवा ऑलिंपिक, त्याच वर्षी इंचॉनची आशियाई स्पर्धा. २०१५ मध्ये सेंट अँड्र्यूजची सेंट रूल ट्रॉफी आणि ब्रिटिश महिला हौशी स्ट्रोक-प्ले, दोन्ही जिंकल्या. म्हणजे अठराव्या वर्षाच्या आत लिंक्सवरचा (समुद्रकाठच्या उघड्या मैदानांवरचा) वारा, टणक जमीन, तीन-चार दिवसांच्या स्पर्धा, हे सगळं अंगवळणी पडलेलं होतं. आपल्याकडच्या मुली इथंच मागे राहतात. एकाच क्लबाच्या ओळखीच्या ग्रीनवर (भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर) हँडिकॅप (खेळाडूला मिळणारी फटक्यांची सूट) खाली येतो आणि बाहेर गेलं की पहिल्याच दिवशी ८५ फटके होतात.

डिसेंबर २०१५ मध्ये मोरोक्कोत महिलांच्या युरोपियन टूरची पात्रता स्पर्धा झाली. ती तिनं जिंकली. ही स्पर्धा जिंकणारी ती पहिली भारतीय आणि तोवरची सर्वांत लहान विजेती. १ जानेवारी २०१६ पासून ती व्यावसायिक झाली, आणि बारावीही त्याच वर्षी उरकली.

आता कॉलेजचं. अमेरिकेतल्या कॉलेज गोल्फला हौशी दर्जा लागतो. व्यावसायिक झालं की ते दार बंद. पण रिओची पात्रता जागतिक क्रमवारीवर होती आणि तिथले गुण मिळतात ते व्यावसायिक टूरच्या स्पर्धांतून. गोल्फ ११२ वर्षांनी ऑलिंपिकमध्ये परतत होता, पात्रतेची मुदत २०१६ च्या उन्हाळ्यापर्यंत होती. एलपीजीएचं सदस्यत्व अठरा पूर्ण झाल्याशिवाय सहसा मिळत नाही. अशा वेळी हातात युरोपचं कार्ड (टूरवर खेळण्याचा हक्क) असताना ते वापरणं हाच सरळ रस्ता होता, आणि तो तिच्या बाबतीत पुरता फळला.

रिओला पहिले दोन राउंड (१८ होलचे डाव) ६८-६८, तेव्हा ती पहिल्या दहांत होती. पुढचे दोन ७९ आणि ७६, शेवटी ४१वी. त्याच नोव्हेंबरात गुरुग्रामच्या डीएलएफ मैदानावर इंडियन ओपन तिनं एका फटक्यानं जिंकली आणि युरोपियन टूरवर जिंकणारी पहिली भारतीय महिला ठरली. दोनच आठवड्यांनी कतारचं विजेतेपद. डिसेंबरात एलपीजीएची पात्रता स्पर्धा खेळली, पण पूर्ण कार्ड थोडक्यात हुकलं, मर्यादित कार्ड मिळालं. मर्यादित कार्ड म्हणजे वरच्या खेळाडूंनी जागा सोडल्या तर तुमचा नंबर लागतो. मिळेल त्या आठवड्यात चांगलं खेळून क्रमांक वर न्यायचा, एवढाच पर्याय असतो. २०१७ मध्ये तिनं तो वापरला आणि तेव्हापासून ती तिथं आहे. त्याच वर्षी अबू धाबीत युरोपियन टूरचं तिसरं विजेतेपदही आलं.

२०२३ मध्ये केनियात नऊ फटक्यांनी विजय, एप्रिलमध्ये लॉस एंजेलिसला एलपीजीएच्या प्लेऑफपर्यंत (बरोबरी फोडायच्या जादा होलपर्यंत) मजल, नोव्हेंबरात स्पेनचं विजेतेपद. पॅरिस हे तिचं तिसरं ऑलिंपिक, तिथं संयुक्त २९वी.

---

लॉफ्ट_१४

पहिल्या प्रश्नाचं उत्तर गणितात आहे, आणि ते मांडून दाखवण्यासारखं आहे.

पुरुषांच्या पीजीए टूरवर प्रत्येक अंतरावरून होल संपवायला सरासरी किती फटके लागतात याचे तक्ते आहेत. फेअरवेवर (होलच्या मधल्या कापलेल्या गवतावर) १४० यार्डांवरून साधारण २.९१, १६० वरून २.९८, १८० वरून ३.०८. रफमधून (कडेच्या उंच गवतातून) १४० यार्डांवरून मात्र ३.१५ च्या आसपास. महिलांचे आकडे थोडे वेगळे असतील, पण प्रमाण समजायला हे पुरेसे आहेत.

आता ४०० यार्डांचा पार-४ घ्या. एक मुलगी २६५ मारते, तिला १३५ उरतात. दुसरी २३० मारते, तिला १७०. दोघी फेअरवेवर असतील तर दुसरीचं नुकसान एका होलला साधारण ०.१३ फटका. ड्राइव्हरचे चौदा होल धरले तर राउंडला पावणेदोन फटके, चार दिवसांत सात. हे मोठं नुकसान आहे आणि "लांबीनं काही होत नाही" म्हणणाऱ्यांनी ते मान्य करायला हवं.

पण पहिलीचा चेंडू रफमध्ये गेला की तिचे १३५ यार्ड हे फेअरवेवरच्या १७० पेक्षा वाईट ठरतात. गवत क्लबफेस आणि चेंडूच्या मध्ये येतं, फिरकी कमी होते, चेंडू ग्रीनवर पडून थांबत नाही. आखूड मारणारीचं भांडवल इथं आहे: चेंडू सतत फेअरवेवर, आणि झाडामागून आडवा बाहेर काढण्याची वेळ शक्यतो यायलाच नको.

दुसरी गोष्ट, १७० यार्डांवरून कुठलं हत्यार. ४ नंबरचं आयर्न मध्यम वेगाच्या स्विंगला उंच जात नाही. चेंडू ग्रीनवर सपाट कोनात येतो आणि मागे पळून जातो. त्याच अंतराचा ७ नंबरचा फेअरवे वूड किंवा २५-२६ अंशांचा हायब्रिड चेंडूला उंच नेतो, तो उभा खाली येतो आणि थांबतो. लांब फटका राहूनही ग्रीन धरता येतं ते या क्लबांमुळे. निशाणा मात्र बहुतेक वेळा ग्रीनच्या मध्यावर असतो, झेंड्यावर नाही. १७० यार्डांवरून झेंड्याच्या मागे लागलं की महिन्यातून एक बर्डी (पारपेक्षा एक फटका कमी) जास्त मिळते आणि दर राउंडला एक डबल बोगी (पारपेक्षा दोन जास्त).

आणि पार-५. लांब मारणाऱ्या दुसऱ्याच फटक्यात ग्रीन गाठतात, हिला तीन लागतात. म्हणून दुसरा फटका कुठं थांबवायचा हे ती आधी ठरवते. ग्रीनच्या जितकं जवळ तितकं चांगलं, फक्त तीस-चाळीस यार्डांवरच्या बंकरचा (वाळूच्या खड्ड्याचा) लांब फटका आणि उताराची उभी जागा टाळायची. तिथून वेज (जवळून उंच मारायच्या क्लबचा फटका) सहा-आठ फुटांत आला की बर्डी मिळते आणि ईगल (पारपेक्षा दोन कमी) न मारताही बरोबरी राहते.

गुरुग्रामच्या त्या इंडियन ओपनमध्ये एका फटक्यानं मागे राहिलेल्यांत ब्रिटनी लिन्सिकोम होती, महिला गोल्फमधली नावाजलेली लांब मारणारी. डीएलएफचं मैदान कडक आहे, खोल बंकर आणि चढउताराची ग्रीन. तीन दिवसांत अदितीचा एकूण स्कोअर पारपेक्षा फक्त तीन कमी होता आणि तो पुरला. अशा मैदानावर चुका न करणारी वर येते. सोप्या, रुंद मैदानावर वीस-बावीस अंडर (पारपेक्षा कमी) लागतात तेव्हा हाच खेळ अपुरा पडतो, पट (ग्रीनवरून भोकात घालायचे फटके) विलक्षण पडत असतील तरच जमतं.

---

ग्रीनचा_कल

पटिंगबद्दल लिहितो, कारण टोकियोत ती पटिंगमध्ये सगळ्या खेळाडूंत पहिली होती. ६७, ६६, ६८, ६८, एकूण २६९, पारपेक्षा १५ कमी. नेली कोर्डा २६७, मोने इनामी आणि लिडिया को २६८. शेवटच्या दिवशी अदितीनं पाच बर्डी, दोन बोगी (पारपेक्षा एक जास्त) केल्या. इनामी आणि को यांनी त्या दिवशी ६५-६५ मारले म्हणून त्या पुढं गेल्या. अदितीनं पदक गमावलं असं म्हणणं चूक आहे. ऑलिंपिकच्या शेवटच्या दिवशी तीन अंडर हा चांगलाच खेळ आहे.

पट किती पडतात याची कल्पना असावी. पीजीए टूरवर तीन फुटांवरून ९६ टक्के, पाच फुटांवरून पाऊणहून थोडे जास्त, आठ फुटांवरून निम्मे, दहा फुटांवरून ४० टक्के, वीस फुटांवरून जेमतेम १५. म्हणजे चार ते दहा फुटांचा पट्टा हाच खरा निकालाचा. अदितीचा राउंड पाहताना हेच दिसतं: लांबून मारलेला दुसरा फटका ग्रीनच्या कडेला किंवा बाहेर थांबतो, चिप (ग्रीनबाहेरून मारलेला छोटा फटका) पाच फुटांवर येते आणि तो पाच फुटांचा पट पडतो. स्कोअरकार्डावर फक्त पार दिसतो.

मुलीला काय करून घ्यायचं ते सांगतो.

सरळ उताराची जागा शोधा, चार फुटांवर पटरच्या (पट मारायच्या क्लबच्या) रुंदीपेक्षा बोटभर जास्त अंतर ठेवून दोन टी (चेंडू ठेवायच्या खुंट्या) रोवा. टीला न लागता पटर त्यातून जायला हवा. बहुतेक मुलांच्या पटरचा टाचेकडचा (दांड्याकडचा) भाग लागतो, कारण डोळे चेंडूच्या बाहेर गेलेले असतात. डोळे चेंडूच्या बरोबर वर किंवा किंचित आत हवेत. लहान मुलांच्या हातात लांब पटर दिला की ती मागे सरकून उभी राहतात, पटरची टाच जमिनीला आणि टोक हवेत राहतं, आणि चेंडू डावीकडे जायला लागतो. पटर आखूड करून घ्या, पण पटरचं डोकं हलकं लागायला लागलं तर वजन चिकटवावं लागेल.

लांब पटांसाठी २०, ३०, ४० फुटांवर टी ठेवा आणि चेंडू भोकात घालायचा नाही, तीन फुटांच्या वर्तुळात थांबवायचा. क्रम रोज बदला. एकाच अंतरावर दहा चेंडू मारले की अकरावा आपोआप बरोबर जातो, त्यातून काही शिकणं होत नाही.

उतार वाचताना पाण्याचा निचरा कुठं होईल ते आधी बघा. भोकाच्या आधीच्या शेवटच्या तीन-चार फुटांना सर्वांत जास्त महत्त्व, कारण तिथं चेंडू हळू असतो आणि वळण तिथंच जास्त घेतो.

आपल्याकडच्या बर्म्युडा ग्रीनवर गवताची दिशाही बघावी लागते. गवत तुमच्यापासून दूर लवलेलं असेल तर ग्रीन चकाकतं आणि पट जोरात जातो. तुमच्याकडे लवलेलं असेल तर गडद, मळकट दिसतं आणि चेंडू आखूड पडतो. भोकाच्या कडा बघा: ज्या बाजूची कड झिजलेली, खडबडीत, त्या बाजूला गवताचा रोख. हे दुपारनंतर जास्त जाणवतं, कारण दिवसभरात गवत वाढतं.

---

मुळा_काठ

वरच्या दोघांचं पटतं, पण प्रशिक्षक चुकीचं सांगतात असा अर्थ कुणी काढू नये म्हणून लिहिते.

अदितीनं स्वतः टोकियोनंतर अंतर वाढवण्यावर काम केलं आणि २०२३ चं वर्ष तिच्या कारकिर्दीतल्या सर्वांत चांगल्या वर्षांपैकी ठरलं, हे विसरून चालणार नाही. पटिंग तेच होतं. हातात येणारं आयर्न एक नंबरनं आखूड झालं, एवढाच फरक.

बाराव्या वर्षी वेग वाढवणं सोपं असतं, पंचविसाव्या वर्षी कठीण. त्यामुळे या वयात जोरात फिरवायला शिकणं चांगलंच आहे. फक्त तो वेग पायांतून आणि कंबरेतून यायला हवा. "लांब मार" ऐकून मुलं हातांनी ओढतात, टाच उचलून मागे पडतात, चेंडू उजवीकडे वळत जातो आणि अंतर उलट घटतं. आठवड्यातून दोनदा, शरीर गरम केल्यावर, चेंडू न ठेवता पूर्ण जोरानं दहा-पंधरा स्विंग, प्रत्येकाच्या मध्ये अर्धा मिनिट थांबून. दमल्यावर केलेले जोराचे स्विंग वाया जातात. पाठ दुखली तर लगेच थांबायचं, या वयात पाठीवरचा ताण फार जपावा लागतो.

ड्राइव्हरचा कोन तर बहुतेक जण बघतच नाहीत. एलपीजीएवर सरासरी क्लबचा वेग ताशी ९४-९५ मैल असतो, पुरुषांचा ११३ च्या पुढं. तरीही महिला २२० यार्डांच्या आसपास चेंडू हवेत नेतात, कारण त्या चेंडूला खालून वर मारतात, सुमारे तीन अंश. पुरुष सरासरीनं किंचित खाली मारतात. चेंडू १३ अंशांवर निघतो, फिरकी मिनिटाला २६०० फेऱ्यांच्या आसपास. मुलीचा टी उंच ठेवा, अर्धा चेंडू ड्राइव्हरच्या माथ्यावर दिसायला हवा. चेंडू डाव्या टाचेच्या रेषेत आणि उजवा खांदा डाव्यापेक्षा थोडा खाली. लॉफ्ट (क्लबच्या तोंडाचा कोन) १२ अंशांपेक्षा कमी नको. वडिलांचा ९ अंशांचा कडक शाफ्टचा (दांड्याचा) ड्राइव्हर कापून दिलेला असेल तर तो आजच बाजूला ठेवा. कापल्यानं शाफ्ट आणखी कडक होतो.

---

केशरी_टी

फारच छान माहिती, सगळ्यांचे आभार. ड्राइव्हर कापलेलाच आहे, बदलतो. हांगझोऊबद्दल कुणी लिहिलं नाही. आणि दुसरं, क्लबातल्या एका स्पर्धेत रोख बक्षीस आहे. ते घेतलं तर हौशी दर्जा जातो का?

---

यार्डेज_वही

हांगझोऊ: ६७, ६६, ६१ आणि शेवटी ७७. तीन दिवसांनंतर २२ अंडर, थायलंडची अर्पिचाया युबोल १५ अंडर. शेवटच्या दिवशी अदितीच्या चार बोगी, एक डबल, बर्डी एकच. युबोलनं ६८ मारले आणि १९ अंडरवर सुवर्ण नेलं. अदिती १७ वर थांबली, रौप्य. आशियाई स्पर्धेत गोल्फचं पदक मिळवणारी पहिली भारतीय महिला तीच.

कारण म्हणाल तर, माझ्या मते ते ६१ आणि ७७ मधल्या फरकात आहे. तिचा खेळ ज्या पाच-सहा फुटांच्या पटांवर उभा आहे ते एखाद्या दिवशी पडत नाहीत, तेव्हा भरून काढायला दोन फटक्यांत पार-५ गाठण्याची सोय तिच्याकडे नसते. लांब मारणारीला वाईट दिवशीही चार पार-५ वर दोन बर्डी मिळून जातात. दडपण होतंच, पण एवढ्या वर्षांच्या अनुभवी खेळाडूच्या बाबतीत फक्त दडपण म्हणून सोडून देणं मला पटत नाही.

बक्षिसाचं: जानेवारी २०२२ पासूनच्या नियमांनुसार हँडिकॅप न धरता खेळल्या जाणाऱ्या स्पर्धेत ७०० पौंड किंवा १००० डॉलरपर्यंतचं बक्षीस, रोख असलं तरी, हौशी खेळाडू घेऊ शकतो. हँडिकॅप वजा करून निकाल लागणाऱ्या स्पर्धेत मात्र रोख रक्कम घेता येत नाही, वस्तू किंवा व्हाउचर चालतं. सही करण्याआधी स्पर्धा कुठल्या प्रकारची आहे ते समितीकडून लेखी विचारून घ्या.

---

मुळा_काठ

पुढच्या पायऱ्यांबद्दल दोन ओळी. आधी क्लबाकडून अधिकृत हँडिकॅप, मग इंडियन गोल्फ युनियनच्या ज्युनिअर स्पर्धा, त्या वयोगटांनुसार असतात. जागतिक हौशी क्रमवारीचे गुण मिळतील अशा स्पर्धा निवडा, कारण परदेशातल्या चांगल्या हौशी स्पर्धांत प्रवेश त्या क्रमवारीवर मिळतो. पंधरा-सोळाच्या सुमारास आपल्याकडच्या महिला व्यावसायिक टूरच्या ५४ होलच्या स्पर्धांत हौशी म्हणून खेळता येतं. पूना क्लब आणि चेंबूरच्या बॉम्बे प्रेसिडेन्सीवरही त्यांचे टप्पे झालेले आहेत. बक्षिसाची रक्कम न घेता व्यावसायिकांबरोबर तीन दिवस खेळायला मिळणं, हे दहा क्लब स्पर्धांपेक्षा मोलाचं.

ऑलिंपिकच्या पात्रतेबद्दलही लक्षात ठेवा. साठच जागा, पहिल्या पंधरांतल्या खेळाडू एका देशाच्या चारपर्यंत, त्याखाली एका देशाच्या दोनच. कोरिया किंवा अमेरिकेची ४०व्या क्रमांकाची खेळाडू घरी राहते आणि २००वी भारतीय जाते ती यामुळे. पुण्याच्या उदयन मानेला टोकियोचं तिकीट मिळालं तेही अर्जेंटिनाच्या एमिलिआनो ग्रीयोनं माघार घेतल्यावर यादी खाली सरकली म्हणून. त्यामुळे क्रमवारीत दीडशे-दोनशेवर असणाऱ्या भारतीय खेळाडूनं पात्रतेच्या दोन वर्षांत एकही गुणांची स्पर्धा सहज सोडू नये.

---

लॉफ्ट_१४

क्लब बदलताय तर सगळा संच एकदम घेऊ नका. बारा वर्षांच्या बारीक मुलीला सात क्लब पुरतात: १२-१३ अंशांचा ड्राइव्हर, ७ नंबरचा फेअरवे वूड, २६ अंशांच्या आसपास हायब्रिड, ७ आणि ९ नंबरचं आयर्न, ५४-५६ अंशांचा वेज, पटर. शाफ्ट हलके ग्रॅफाइटचे. सहा महिन्यांनी उंची मोजून पुन्हा बघा. चेंडू सारखा टोकाला लागत असेल तर क्लब आखूड झालेत, टाचेला लागत असेल तर लांब. फेसवर पायाची पावडर फवारून पाच फटके मारले की खूण स्वच्छ दिसते.